उद्या काही निघालं तर हिचा माग लागेल का? वस्तू सेफ आहे की नाही हे बघायची माझी पद्धत

दोन वर्षांपूर्वी माझा फोनचा चार्जर वितळला. रात्री अडीचच्या सुमारास जळका वास आला म्हणून जाग आली, दिवा लावला तर उशीपासून हातभर अंतरावर ॲडॅप्टरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून एका बाजूला ओघळलेलं आणि पिना सॉकेटमध्येच चिकटून बसलेल्या. मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या, कुणाला काही झालं नाही. सकाळी तो चार्जर हातात घेऊन उलटसुलट बघितला तर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, नुसते इनपुट-आउटपुटचे आकडे आणि ओळीने छापलेली चार-पाच चिन्हं. जिथून ऑनलाइन मागवला होता तिथे गेले तर त्या विक्रेत्याचं पानच काढून टाकलेलं. तक्रार करायची तरी कुणाकडे? राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली की असेच चार्जर अजून किती घरांत रात्रभर लावलेले असतील आणि त्या लोकांना सावध करणारं कुणीच नाही.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट झाली. आमच्याकडे पाणी गरम करायची इलेक्ट्रिक किटली होती, घेतली तेव्हा खोक्यातल्या कार्डावरचा नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रजिस्टर केली होती, तेही कंटाळत कंटाळत. एक दिवस कंपनीचा मेल आला की अमुक बॅचच्या किटलीचं हँडल सैल होऊन निखळू शकतं, वापर लगेच थांबवा, तळाचा नंबर पाठवा, बदलून देतो. तळाला बघितलं तर आमचीच बॅच. घरात लगेच बोलणं सुरू झालं की बघा, एवढी नावाजलेली कंपनी आणि असला माल. माझं मत मात्र उलटं झालं. चूक दोघांच्याही हातून झाली होती, पण एकाने मला शोधून काढून सांगितलं आणि दुसऱ्याने मी शोधत असताना थांगपत्ता लागू दिला नाही.

तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी आधी एकच प्रश्न विचारते: उद्या हिच्यात काही निघालं तर हिचा माग काढता येईल का? ब्रँड, किंमत, पॅकिंग, जाहिरातीत कोण आहे, हे सगळं त्यानंतर. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून आलेला नाहीये, फार जुना आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं जंतुसंसर्गावरचं औषध गोळ्या आणि पावडरच्या रूपात मिळायचं, लोकांना गुण यायचा. एका कंपनीने ते पातळ औषधाच्या रूपात आणायचं ठरवलं आणि विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं, जे विषारी आहे. बाजारात आणायच्या आधी चव तपासली, रंग-रूप तपासलं, वास तपासला. शरीरात गेल्यावर काय होतं ते तपासलंच नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती. कंपनीने परत मागवायच्या ज्या पहिल्या तारा केल्या त्यात धोका काय आहे हेसुद्धा लिहिलं नव्हतं, सरकारने दम दिल्यावर दुसऱ्या तारा गेल्या. मग सरकारी इन्स्पेक्टर बाहेर पडले आणि माल पाठवल्याचे कागद, दुकानांच्या पावत्या, डॉक्टरांच्या नोंदी चाळत एकेक बाटली हुडकत गेले, आणि बनवलेल्या २४० गॅलनपैकी साधारण २३४ गॅलन परत मिळवलं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवीन औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवायची सक्ती करणारा कायदा झाला. हे वाचल्यावर मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या उरलेल्या बाटल्या ज्यांच्या तोंडापर्यंत पोचल्या नाहीत ती माणसं पावत्यांमुळे वाचली. कागदावर नाव-गाव होतं म्हणून वाचली.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

वस्तू हातात आली की आधी मागची बाजू. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का (नुसता देशाचा उल्लेख म्हणजे पत्ता नाही), मॉडेल नंबर आहे का, बॅच किंवा लॉट नंबर आहे का. बॅच नंबरकडे आपण फारसं बघत नाही पण खरी किल्ली तीच आहे, कारण बिघाड बहुतेक वेळा सगळ्या मालात नसतो, एखाद्या आठवड्यात बनलेल्या मालात असतो, आणि बॅच नंबर नसेल तर कंपनीने कितीही मनावर घेतलं तरी तिला खराब माल वेगळा काढता येत नाही. ऑनलाइन घेताना तर हे आधीच बघा. तिथे दोन नावं असतात, एक विकणाऱ्याचं आणि एक बनवणाऱ्याचं, आणि पुष्कळ वेळा दुसरं नाव कुठेच नसतं. युरोपियन युनियनमध्ये १३ डिसेंबर २०२४ पासून नियमच आलाय की ऑनलाइन विकायला ठेवलेल्या वस्तूच्या पानावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि तो युनियनच्या बाहेरचा असेल तर तिथल्या जबाबदार माणसाचं किंवा संस्थेचंही नाव-पत्ता द्यायचा. तुमच्याकडे असा नियम असो नसो, तुम्ही स्वतःसाठी हा नियम लावू शकता. पत्ता नाही, तर घ्यायचं नाही.

मी अजून एक करते, जे लोकांना जास्तीचं वाटतं पण माझ्या फार उपयोगी पडलंय. विजेची किंवा लहान मुलांची वस्तू असेल तर घ्यायच्या आधीच कंपनीला एक साधा मेल टाकते, की या मॉडेलची टेस्ट कुणी केली आणि सर्टिफिकेटचा नंबर काय. उत्तर दोन दिवसांत नंबरसकट आलं तर बरं वाटतं. "आमचे सर्व प्रॉडक्ट्स हाय क्वालिटी आहेत" एवढंच आलं तर कळायचं ते कळतं. मेल परतच आला तर प्रश्नच मिटला.

आता चिन्हांबद्दल, कारण माझ्या जळलेल्या चार्जरवर चिन्हं भरपूर होती. चिन्ह म्हणजे टेस्ट झालीच असा आपला समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. युरोपचं सीई घ्या. बऱ्याच प्रकारच्या वस्तूंवर ते चिन्ह कंपनी स्वतःच लावते, आम्ही नियम पाळलेत असं स्वतः जाहीर करून. प्रामाणिक कंपनी त्यामागे टेस्टचे कागद ठेवते, लबाड कंपनी नुसता ठसा छापते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ज्या वस्तूंमध्ये धोका जास्त असतो तिथे बाहेरची संस्था लागते, आणि ती संस्था उत्पादनावरही लक्ष ठेवत असेल तर सीईच्या शेजारी तिचा चार आकडी नंबर येतो, तो नंबर शोधून बघता येतो. यूएल या अमेरिकन टेस्टिंग संस्थेसारख्यांची चिन्हं वेगळी, तिथे बाहेरची संस्था स्वतः टेस्ट करून परवानगी देते आणि कुणाला दिली त्याची यादी ठेवते. म्हणून सवय अशी लावा की चिन्ह दिसलं की नंबर शोधायचा आणि तो नंबर चिन्ह देणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून बघायचा. विकणाऱ्याच्या पानावर जो सर्टिफिकेटचा फोटो असतो त्यावर थांबू नका, फोटो कुणाचाही लावता येतो. नंबर निघाला तरी पुढे बघा की नाव त्याच कंपनीचं आहे का आणि वस्तू तीच आहे का, कारण दुसऱ्याच वस्तूचा खरा नंबर छापलेला असू शकतो.

आणि एक गैरसमज तर घराघरात आहे, प्लास्टिकच्या तळाला बाणांच्या त्रिकोणात जो १ ते ७ आकडा असतो त्याचा. तो सुरक्षिततेचा दाखला नाहीये. प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे ते कचरा वेगळा करणाऱ्यांना कळावं म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ती पद्धत काढली. त्यावरून प्लास्टिकची जात कळते, पण हा डबा खाण्यापिण्यासाठी बनवलाय का ते कळत नाही. त्यासाठी पेला आणि काट्याचं चिन्ह असतं, किंवा तसं शब्दांत लिहिलेलं असतं. तसंच "बीपीए-फ्री" चं. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन. ते काढलं हे चांगलंच, युरोपियन युनियनने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून ते बंदच केलं, पण त्याच्या जागी काय घातलं हा प्रश्न विचारावा लागतो, कारण काही ठिकाणी त्याचंच भावंड म्हणावं असं बिस्फेनॉल एस आलं.

चार्जरकडे परत येते कारण तो मी नंतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेला होता आणि त्याने तो माझ्यासमोर उघडला. (तुम्ही स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज शिल्लक राहू शकतो.) आत एक छोटीशी हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड. तो म्हणाला, हे बघ, या बाजूला भिंतीतली वीज येते, आणि या बाजूने तुझ्या फोनला पाच व्होल्ट जातात, या दोन बाजूंच्या मध्ये मोकळी जागा लागते, चांगल्या चार्जरमध्ये काही मिलिमीटर रिकामी पट्टी सोडलेली असते, कधी कधी तिथे पट्टीला आरपार खाचसुद्धा पाडतात. माझ्या चार्जरमध्ये दोन्हीकडचे सोल्डरचे टाके जवळजवळ चिकटले होते, मध्ये नख जाईल एवढीच फट. फ्यूज नव्हताच. म्हणजे भिंतीतली वीज आणि माझा फोन, पर्यायाने माझा हात, यांच्यामध्ये नखाएवढं अंतर. बाहेरून तो कुठल्याही चांगल्या चार्जरसारखाच गुळगुळीत होता. हे बघितल्यापासून मी "दिसायला चांगलं वाटतंय" हे शब्द वापरणंच सोडलंय.

बाहेरून बघता येण्यासारखं थोडं असतं, ते सांगते. पिना सॉकेटमध्ये घट्ट बसतात का की लोंबकळतात. छापलेल्या मजकुरात स्पेलिंगच्या चुका आहेत का, खऱ्या कंपन्या लेबलवर सहसा अशा चुका करत नाहीत. चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे का, त्याचा अर्थ डबल इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर येऊ नये म्हणून दुहेरी आवरण, आणि अर्थिंगची पिन नसलेल्या वस्तूवर ते असायला हवं. वापरताना हात ठेवून बघा, कोमट लागणं चालतं, हात ठेवता येत नाही इतकं गरम चालत नाही. आणि झोपताना उशीखाली, अंथरुणात चार्जिंग नाही म्हणजे नाही, चार्जर कितीही चांगला असो.

लहान मूल घरात असेल तर मी हात जोडून एक गोष्ट सांगेन, बटण सेल बघा. रिमोट, वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग कार्ड, चकाकणारं खेळणं, सगळ्यात तो चपटा गोल सेल असतो. सगळ्यात जास्त दिसणारा सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला की तो तिथल्या ओलाव्यातून वीज सोडायला लागतो, त्यातून कॉस्टिक सोड्यासारखा जळजळीत पदार्थ तयार होतो आणि आतलं मांस जळायला लागतं, दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. संपलेला सेलसुद्धा हे करू शकतो, कारण वस्तू चालवायला त्याची ताकद पुरत नसली तरी इजा करायला पुरते. माझ्या बहिणीकडे रिमोटचं झाकण सैल होतं, चिकटपट्टी लावून चालवत होते सगळे, आणि एक दिवस दीड वर्षाच्या भाचीच्या मुठीत तो सेल सापडला. मुठीत सापडला, एवढंच आमचं नशीब. बघायचं काय तर झाकणाला स्क्रू आहे का, किंवा दोन वेगवेगळ्या हालचाली एकदम केल्याशिवाय उघडत नाही असं कुलूप आहे का. अमेरिकेत २०२२ साली यासाठी वेगळा कायदाच करावा लागला, एवढा हा प्रश्न मोठा आहे. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला लावू नका, वाट बघू नका, थेट हॉस्पिटल, आणि जमलं तर सेलचं पाकीट सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना जात आणि माप लगेच कळेल.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी लॅबमध्ये एक छोटा सिलेंडर वापरतात, ३१.७ मिलिमीटर रुंद, तुकडा त्यात पूर्ण मावला की तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा, ती त्याहून थोडी रुंद असते म्हणजे तुमची टेस्ट जरा जास्तच कडक होते, ते चांगलंच.

लेबलवरच्या शब्दांचं काय? इथे मी जरा कडकच आहे. "नॅचरल" हा शब्द सुरक्षिततेबद्दल काहीही सांगत नाही, शिसं आणि पारा दोन्ही निसर्गातच मिळतात. "केमिकल-फ्री" म्हणणारा तर चक्क खोटं बोलतोय, पाणीसुद्धा केमिकलच आहे. "हायपोॲलर्जेनिक" या शब्दाची अमेरिकेत कायद्याने ठरवलेली व्याख्याच नाहीये, कंपनी म्हणेल तो अर्थ. "अनसेंटेड" आणि "फ्रेग्रन्स-फ्री" यांत फरक आहे, पहिल्यात मूळचा वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो, त्यामुळे त्वचा नाजूक असेल तर दुसरा शब्द शोधा. आणि घटकांच्या यादीत नुसतं "परफ्यूम" किंवा "फ्रेग्रन्स" लिहिलं असेल तर त्या एका शब्दाच्या पोटात डझनावारी पदार्थ असू शकतात. युरोपियन युनियनने म्हणूनच ॲलर्जी आणणाऱ्या २६ सुगंधी घटकांची नावं वेगळी लिहायला लावली होती आणि २०२३ मध्ये ती यादी वाढवून ऐंशीच्या पुढे नेली.

गोरं करणाऱ्या क्रीम्सबद्दल तर मला मनापासून काळजी वाटते, कारण काहींमध्ये पारा सापडतो. पारा त्वचेतला रंग तयार होणं अडवतो म्हणून फरक पटकन दिसतो, आणि फरक दिसतो म्हणून विश्वास बसतो, तोवर तो किडनीपर्यंत पोचायला लागलेला असतो. वापरणाऱ्या बाईबरोबर घरातल्या मुलांनाही लागतो, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून. लेबलवर मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी यातलं काही दिसलं तर घेऊ नका. नाव लिहिलेलंच नसेल तर सूचना वाचा, "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लावू नये" अशी ओळ असेल तर ती पाऱ्याची खूण असू शकते, कारण पारा सोन्याचांदीला धरतो. आणि ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, ती कुणीही भेट दिली तरी वापरू नका.

चांगल्या क्रीमचीही मुदत असते. डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात १२एम असं काही असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. उघडल्याची तारीख पेनाने डबीवरच लिहून टाका.

आता सील. औषधाच्या बाटलीच्या झाकणाखाली जो चंदेरी कागद असतो तो आपण न बघता फाडतो, त्यामागे सात माणसांचे जीव आहेत. १९८२ मध्ये शिकागो भागात कुणीतरी दुकानातल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात जण गेले, करणारा आजवर सापडलेला नाही. ते औषध ज्यांचं होतं त्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून जवळजवळ ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, आणि उघडलेलं लगेच कळेल असं पॅकिंग त्यानंतर सक्तीचं झालं. लोकांनी त्या औषधावर परत विश्वास ठेवला तो यामुळे, आधी जगाला सांगितलं, मग माल परत घेतला, मग पॅकिंग बदललं. म्हणून सील फाटलेलं, सैल, पुन्हा चिकटवल्यासारखं दिसलं तर दुकानातच परत द्या, "ठीक असेल" असं म्हणू नका.

एक मात्र सांगायलाच हवं, की चांगली वस्तू आपण स्वतःच धोक्याची करतो. ब्लीचमध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळलं की क्लोरिन वायू निघतो, अमोनिया असलेलं क्लीनर मिसळलं की क्लोरामाइन, बंद बाथरूममध्ये दोन्ही छातीवर बसतात. "जास्त स्वच्छ होईल" म्हणून मिसळू नका. आणि क्लीनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायची सवय आजपासून बंद करा. बाटली बदलली की त्या द्रवाचं नाव गेलं, सूचना गेल्या, बॅच गेली, आणि कुणी चुकून प्यायलं तर डॉक्टरांना सांगायला आपल्या हातात काहीच उरत नाही.

दुसरं टोक पण आहे, सगळ्यालाच घाबरायचं. रोज एक मेसेज येतो की अमक्याने कॅन्सर होतो. यात एक घोळ समजून घेतला की निम्मी भीती कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवरची संस्था आयएआरसी पदार्थांची वर्गवारी करते, पण ती फक्त एवढंच सांगते की हा पदार्थ कॅन्सर करू शकतो याचा पुरावा किती पक्का आहे. किती घेतल्यावर किती धोका, हे ती वर्गवारी सांगत नाही. जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम या गोडीच्या पदार्थाला तिने २बी गटात टाकलं, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा तोकडा, आणि त्याच वेळी मात्रा ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. बातम्यांत पहिली गोष्ट मोठ्या अक्षरात आली, दुसरी खाली कुठेतरी. त्याच २बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, "नॅचरल" वाल्यांनी हे जरूर वाचावं. शिशासारख्या काही गोष्टींना मात्र सुरक्षित मात्राच नाही, तिथे तडजोड करायची नाही, उडालेला जुना रंग, स्वस्त रंगीत खेळणी, तिथे जेवढी काळजी घ्याल तेवढी कमी.

मेसेजलाही मी तोच प्रश्न विचारते. कुठली कंपनी, कुठली बॅच, कुठल्या संस्थेने कधी तपासलं? यातलं एकही नसेल तर तो मेसेज माझ्या चार्जरसारखाच आहे, त्याचाही माग लागत नाही, आणि मी तो पुढे पाठवत नाही.

रिव्ह्यूंवर थोडक्यात: पाच ताऱ्यांचे सोडा, दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचा, आणि "गरम", "वास", "स्पार्क", "तुटला", "पुरळ" हे शब्द सर्च करा. एक-दोन दिवसांतच ढीगभर कौतुक आलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, आणि चार्जरच्या पानावर फोनच्या कव्हरचं कौतुक दिसलं तर पान जुनं आणि वस्तू नवी आहे, म्हणजे ते रिव्ह्यू दुसऱ्याच वस्तूचे आहेत असं समजा.

घरी आणल्यावर दोन मिनिटं काढा. लेबलचा फोटो (वर्षभरात अक्षरं पुसली जातात), बिलाचा फोटो, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. रजिस्ट्रेशन करा, जाहिरातींचा त्रास नको असेल तर त्यासाठी वेगळा मेल आयडी काढा, पण करा, आमची किटली त्यामुळेच सापडली. सहा महिन्यांतून एकदा तो फोल्डर उघडून मॉडेल नंबर रिकॉलच्या, म्हणजे परत मागवलेल्या मालाच्या, साइटवर टाकून बघा. देशोदेशीच्या रिकॉलची एकत्र यादी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ग्लोबलरिकॉल्स पोर्टलवर मिळते, युरोपची सेफ्टी गेटवर. सेकंडहँड वस्तू घेताना तर हे घ्यायच्या आधीच, कारण रिकॉलचा मेल पहिल्या मालकाला जातो, तुम्हाला नाही. आणि बदलून मिळालेली वस्तू पण तपासत राहा. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ बॅटरी पेटते म्हणून परत मागवले, बदलून दिलेलेही पेटायला लागले, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये तो फोन बनवणंच बंद करावं लागलं.

आणि खरंच काही झालं तर? प्लग काढा, वापर थांबवा, आणि वस्तू फेकू नका. चिडून आपण ती कचऱ्यात टाकतो आणि पुरावा तिथेच संपतो. फोटो काढा, लेबलचा जवळून, जळलेल्या किंवा तुटलेल्या जागेचा जवळून, आणि पूर्ण वस्तूचा एक. मग लिहा, अगदी साधं: मॉडेल, बॅच, कधी घेतली, किती वापरली, काय करत असताना काय झालं, कुणाला इजा झाली का. शिव्या नकोत, अंदाज नकोत. एक प्रत कंपनीला, एक विकणाऱ्याला आणि एक तुमच्याकडच्या सरकारी ग्राहक-सुरक्षा खात्याला. बहुतेक जण तिसरी प्रत पाठवतच नाहीत, पैसे परत मिळाले की विषय संपला असं होतं. पण एकट्या कंपनीला गेलेल्या वीस तक्रारी कंपनीच्याच ड्रॉवरमध्ये राहतात, खात्याकडे गेलेल्या वीस तक्रारी एकमेकींशेजारी येतात आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं की बॅच एकच आहे. १५ मार्च १९६२ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे जे चार हक्क मांडले त्यात सुरक्षिततेच्या हक्काबरोबर म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचाही हक्क होता. कंपनीने वस्तू तपासायला परत मागितली तर जरूर द्या, फक्त फोटो आधी काढा आणि पाठवल्याची पावती ठेवा.

तक्रार मिटल्यावर वस्तू तुमच्याकडेच राहिली तर ती कुणाला देऊन टाकू नका, भंगारात पण तशीच देऊ नका, कारण पुसूनपासून ती परत कुणाच्या तरी घरी जाऊन लागते. प्लग काढलेला आहे याची खात्री करून वायर मुळापासून कापा आणि वर ठळक अक्षरात "खराब आहे" लिहा. लिथियम बॅटरी असेल तर ती घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्याच्या केंद्रावर, टोकांना चिकटपट्टी लावून. माझ्या चार्जरच्या पिना मी पकडीने वाकवून मगच दिला.